आत्माराम तांडेलाचा बर्फ

आत्माराम तांडेलाने मासळी फेकली, जाळी फेकली, आणि बर्फ तेवढा ठेवला. 'सातेरीप्रसाद' बुडाली त्याला चार महिने होऊन गेले, तरी खारेबंदरातल्या लोकांचं या एका गोष्टीवरचं बोलणं संपत नव्हतं. पानाच्या गादीवर, लिलावाच्या ओट्यावर, रेशनच्या रांगेत जो तो जाणकार झाला होता. चाळीस वर्षं दर्यावर बोट हाकलेला माणूस, आणि बोट पाणी घेत असताना पाच टनांचं ओझं पोटात घेऊन बसला! खणावर झाकण लावलं आणि खलाशांना म्हणाला, गप बसा. म्हातारचळ, दुसरं काय! मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे लोकांच्या जिभेला जरा जास्तच धार येते.

डॉ. कालिंदी कुबल एसटीतून उतरली तेव्हा स्टॅण्डवरच्या चहाच्या टपरीपाशी हेच चाललं होतं. तिला ओळखून लोक एकदम गप झाले. ती आत्मारामची सख्खी भाची, तिच्यासमोर नको, असा त्यांचा विचार. एकाने तर उठून बसायला जागा दिली. कालिंदीला ती जागा नको होती. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

कारण तो बर्फ तिने बनवला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा बंदराला अभिमानही होता. पण त्या बर्फाबद्दलची आणखी एक गोष्ट होती. पुण्याच्या संशोधन संस्थेतल्या तिच्या सहकाऱ्यांना बर्फ कळत होता, बंदर कळत नव्हतं. बंदरातल्या लोकांना बंदर कळत होतं, बर्फ कळत नव्हता. दोन्ही कळणारी ती एकटीच होती, आणि ती एकटीच गप्प होती.

मासळीचा जुना बर्फ आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. कारखान्यातून लादी निघते, ती फोडतात, बोटीच्या खणात भरतात. पण समुद्र तापत गेला तसा बांगडा किनारा सोडून खोल पाण्यात गेला. बापजाद्यांच्या काळी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या बोटी आता बारा-बारा दिवस बाहेर राहू लागल्या. मासळी टिकावी म्हणून खणातच समुद्राचं पाणी घ्यायचं, त्यात बर्फ टाकायचा आणि त्या गार पाण्यात मासळी सोडायची, अशी पद्धत आली. अडचण एकच होती. मासळी तळाला जायची आणि बर्फ वर तरंगायचा. वितळलेलं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, तेही वरच थर धरून बसायचं. वरचा बांगडा ताजा आणि खालचा कुसका. बारा दिवसांच्या कष्टातला तिसरा हिस्सा धक्क्यावरूनच पुन्हा समुद्रात जायचा.

बर्फ का तरंगतो, हा प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही, कारण तो तरंगताना रोज दिसतो. खरं तर तो तरंगायला नको. मेण घ्या, तूप घ्या, लोखंड घ्या. थिजलं की आक्रसतं आणि आपल्याच रसात बुडतं. पाण्याची तऱ्हा उलटी. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरू पाहतात, प्रत्येकाला चार शेजारी. पाणी पातळ असतं तेव्हा ही धरपकड क्षणाक्षणाला सुटते, पुन्हा जुळते, आणि त्या रेटारेटीत रेणू एकमेकांच्या अंगावर दाटीवाटीने असतात. गोठताना मात्र प्रत्येक जण हात ताठ करून शेजाऱ्याला ठरलेल्या अंतरावर धरतो. जत्रेच्या गर्दीत बायका खांद्याला खांदा लावून मावतात, पण त्याच बायकांनी फुगडी धरली की दुप्पट अंगण लागतं, तसंच हे. हातांच्या त्या साखळ्यांतून सहा कोनांची दालनं तयार होतात आणि त्यांच्या मधोमध जागा रिकामी राहते. म्हणून पाण्याचा बर्फ झाला की तो नऊ टक्के जास्त जागा व्यापतो, हलका होतो आणि वर येतो. थंड देशांतली तळी यामुळेच वरून गोठतात, आणि खालच्या पाण्यात मासे हिवाळा काढतात.

कालिंदीने ही फुगडी मोडली. यीस्टच्या पिंपात वाढवलेला साखळीसारखा एक रेणू तिने शोधला. खायला निर्धोक, बर्फाच्या लादीला मूठभर पुरे. पाणी गोठू लागलं की तो त्या सहा कोनांच्या दालनांत शिरतो, ताठ हात दुमडायला लावतो, आणि रेणूंना पातळ पाण्याहूनही दाटीवाटीने जागच्या जागी पकडतो. एरवी असा दाट बर्फ मिळवायचा तर हवेच्या हजारो पट दाब द्यावा लागतो. कालिंदीचा बर्फ साध्या कारखान्यातल्या साध्या साच्यात व्हायचा. दिसायला किंचित निळसर, हाताला तितकाच गार, आणि पाण्यात टाकला की सरळ तळाला. म्हणून त्याचं नाव तळबर्फ. मासळीच्या मध्ये जाऊन बसायचा, तिथेच वितळायचा, आणि बाराव्या दिवशी तळातला बांगडा डोळे चकचकीत ठेवून धक्क्यावर उतरायचा. पहिल्याच मोसमात किनाऱ्यावरचे निम्मे बर्फ-कारखाने तळबर्फ काढू लागले. मच्छीमार सोसायटीने कालिंदीचा नारळ-शाल देऊन सत्कार केला. आत्माराममामा पहिल्या रांगेत बसून नाक शिंकरत होता.

आता ती दुसरी गोष्ट.

कालिंदी सहा वर्षांची असताना मामाची तेव्हाची लाकडी होडी एका ओंडक्यावर आपटली होती. तळाची फळी फुटली, खण पाण्याने भरला. मामाच्या बापाने, म्हणजे कालिंदीच्या आजोबांनी, मासळी फेकली, जाळी कापली, पण बर्फाला हात लावू दिला नाही. खणावर फळ्या ठोकल्या आणि सगळ्यांना गप बसायला सांगितलं. बर्फ पाण्यात वर यायला बघतो, फळ्या त्याला वर येऊ देत नाहीत, मग तो फळ्यांसकट होडीच उचलून धरतो. अकरा तास ती होडी काठोकाठ पाण्यात तशीच राहिली, आणि सगळे जिवंत परत आले. खारेबंदरात ही विद्या प्रत्येक तांडेलाला बापाकडून मिळते. 'बरफ व्हडी धरता', असं ते म्हणतात. मामाने ही गोष्ट कालिंदीला मांडीवर बसवून इतक्यांदा सांगितली होती की बर्फ का तरंगतो हा प्रश्न तिला पहिल्यांदा तिथेच पडला.

तळबर्फ बाजारात आणण्याआधी बोटवाल्यांसाठी एक सूचनापत्रक काढायचं होतं. मसुदा कालिंदीनेच लिहिला. साठवण कशी करावी, किती भरावा, लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि शेवटी: 'बोट पाणी घेऊ लागल्यास हा बर्फ सर्वांत आधी बाहेर टाकावा. हा बर्फ बोट धरत नाही.'

ते वाक्य तिने स्वतः लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच काढलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. तिला आपली माणसं ठाऊक होती, निदान तिला तसं वाटत होतं. 'बोट धरत नाही' हे शब्द वाचले की हे लोक त्या बर्फाला शिवायचे नाहीत, पाच वर्षांची मेहनत धक्क्यावरच वितळून जाईल, अशी तिला खात्री होती. आणि बोट फुटणार ती किती? दहा हजारांत एखादी. शिवाय मामाला आपण तोंडीच सांगू. मामाने ऐकलं की बंदरभर होईलच. मनाला पटवायचं ठरवलं की कारणांना तोटा नसतो.

नारळी पौर्णिमेला ती मुद्दाम गावी आली. बोटींना तोरणं बांधली होती, मामाने नवा शर्ट घातला होता. ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, त्या बरफाचा एक सांगूचा रवला. समजा बोट कदी पाणी घेवक लागली..."

मामाने तिच्या तोंडावर हातच ठेवला. "आज नको गो चेडवा! बोट भायर काडताना बुडण्या-मरण्याची गजाल करूची नाय. परत इलंय की सांग."

तिथली रीतच तशी. पहिल्या दिवशी कुणी अभद्र बोललं तर त्या दिवशी बोट माघारी आणतात. कालिंदी गप्प झाली, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला.

पण मामा परत आला. पौर्णिमेपासून कार्तिकापर्यंत तो सहा वेळा गेला आणि सहा वेळा परत आला. दर खेपेला त्याचा फोन यायचा. "कालिंदी, तळातलो बांगडो बग, जसो काय आताच जाळ्यातसून काडलेलो!" ती हसायची, तब्येत विचारायची, फोन ठेवायची. सातव्या वेळी तो आला नाही.

'सातेरीप्रसाद'वर पाच जण होते. मामा आणि नवसू नावाचा खलाशी गेले. तिघांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने चार तासांनी उचललं. त्यातला इंजिनवाला सायमन इस्पितळातून घरी आला तेव्हा कालिंदी त्याला भेटली होती. त्याने पायरीवर बसून सगळं सांगितलं.

"बोट कसल्यातरी तरंगत्या लाकडार आपटली. फायबर तळाक चिरलो. आत्मादादान उपग्रहार निरोप धाडल्यान, आणि आमका सांगल्यान, घाबरू नकात. मासळी फेकलंव, जाळी फेकली. मी म्हटलंय, दादा, बरफ पण भायर टाकूया. तर माका गाळी घातल्यान. म्हणालो, 'अरे खुळ्या, बरफच आमका धरतलो.' खणार झाकण मारल्यान, वर दोरखंड आवळल्यान."

"तराफा नव्हतो?" कालिंदीने विचारलं.

"होतो की. पण लाटो केदे! तराफ्यात उतरण्यापेक्षा बोटीर बसान रवणा बरा, असा तेचा म्हणणा. अकरा तास रवललंव आमी असे, म्हणालो. आणि मगे एकाएकी बोट एका अंगाक पडली. नवसू आतल्या आत रवलो. बाय, एक इचारतंय. तो बरफ तळाक बसता, ता आमी रोज बगत होतो. तरीय तेव्हा कोणाच्या टकलेत इला नाय. असा कसा झाला?"

कालिंदी निरोप घेऊन उठली. उत्तर सोपं होतं. जीव जायची वेळ आली की माणूस डोळ्यांनी पाहिलेलं विसरतो आणि बापाने शिकवलेलं करतो. मामाने बापाने शिकवलेलं अगदी बरोबर केलं होतं.

पुढे चौकशी समिती बसली. बर्फ नवा असल्यामुळे समितीने तज्ज्ञ म्हणून कालिंदीचंच लेखी मत मागवलं. मामाचं तेरावं होऊन आठवडा झाला होता. तिने लिहिलं, 'बर्फ अपेक्षित गुणधर्मांप्रमाणेच वागला आहे. बोटीत पाणी शिरू लागल्यावर खणातील बर्फ बाहेर न टाकण्याचा तांडेलाचा निर्णय घातक ठरला.' यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि सगळं मिळून खोटं होतं. खाली तिने सही केली. सही नेहमीसारखीच आली, हात जरासुद्धा कापला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःच्या हाताची भीती वाटत राहिली.

त्या दोन वाक्यांनी गावात काय केलं ते तिला कळायला वेळ लागला नाही. 'सख्ख्या भाचीनंच लिवन दिल्यान' म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही. नवसूची बायको सत्यवती आत्मारामच्या दारात उभी राहून शिव्याशाप तेराव्यालाच देऊन गेली होती. आता सगळं बंदर तिच्या बाजूने झालं. आत्मारामची बायको, द्वारकामामी, तीस वर्षं लिलावाच्या ओट्यावर एका ठरलेल्या जागी मासे विकायला बसायची. तिच्या शेजारी कुणी टोपली लावेना. उघड कुणी काही बोललं नाही, फक्त दोन्ही बाजूंना हातहातभर ओटा मोकळा राहू लागला. हे कालिंदीला आईने फोनवर सांगितलं. कालिंदी तेव्हा जेवायला बसली होती, आणि ती तशीच हात धुऊन उठली.

आज त्याच चौकशीची शेवटची बैठक होती. सोसायटीच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते, पण उकाडा जात नव्हता. समोर टेबलाशी तीन सरकारी साहेब, बाजूच्या खुर्चीवर तज्ज्ञ डॉ. कुबल. पहिल्या बाकावर एका टोकाला सत्यवती आणि दुसऱ्या टोकाला मामी, मध्ये सगळा बाक रिकामा. मुख्य साहेबांनी अहवाल वाचला. 'मानवी चूक' हे शब्द आले तेव्हा मागून कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला.

"कुणाला काही म्हणायचं आहे?" साहेबांनी कागद आवरता आवरता विचारलं.

मामी उठली. तिने पदर सारखा केला. "साहेबानू, मी अडाणी बाई. माका एकच इचारूचा आसा. तीस वर्सांपूर्वी हेच्यापेक्षा व्हडला भोक पडलला, तेव्हा ती व्हडी बरफान धरल्यान. मगे ह्या येळेक बोट कशी गेली? खणात जुनो बरफ असतो, तर काय झाला असता?"

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, असं झालं असतं तर, तसं झालं असतं तर, याला काही अर्थ नसतो. तरी डॉक्टर सांगतील." ते कालिंदीकडे वळले. "थोडक्यात सांगा."

'निश्चित सांगता येणार नाही.' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. साहेब खूश झाले असते, कागद मिटले असते. कालिंदीच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं. पण मामी तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात संशयाचा लवलेश नव्हता. आपली शिकलेली पोर आहे, ती नीट समजावून सांगेल, एवढाच तिचा विश्वास होता. कालिंदीला तो सोसला नाही.

"पाच टन साधा बर्फ पाण्याने भरलेल्या खणात असेल," ती म्हणाली, "तर तो सुमारे सहाशे किलोंनी बोटीला वर उचलतो. शिवाय खण त्याने भरलेला असतो, त्यामुळे आत पाण्याला हिंदकळायला जागा राहत नाही. पाच टन तळबर्फ उलट अडीचशे किलोंनी बोटीला खाली ओढतो. आणि तो तळाला बसल्यामुळे वरचं पाणी मोकळं हलतं, बोट कलंडते. खणात साधा बर्फ असता तर..." ती मामीकडे वळली. "तर हेलिकॉप्टर येईपर्यंत बोट वर राहिली असती. तांडेलाने केलं ते बरोबर होतं. बर्फ चुकीचा होता."



"पण तुमचं लेखी मत..." साहेबांनी कागद शोधायला सुरुवात केली. "डॉक्टर, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"बर्फ बाजारात यायच्या आधी सात महिने. सूचनापत्रकात मी तसं लिहिलं होतं. मग मीच ते काढलं."

मागच्या बाकांवर गलका झाला. साहेब टेबलावर हात आपटून शांत, शांत म्हणत होते. कालिंदीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. सत्यवती उठून उभी राहिली होती. ती कालिंदीवर धावून येईल असं सगळ्यांना वाटलं. ती एकदा कालिंदीकडे बघून मान फिरवून वळली आणि रिकाम्या बाकावरून सरकत सरकत दुसऱ्या टोकाला मामीजवळ गेली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, फक्त शेजारी बसल्या.

संध्याकाळी कालिंदी मामीच्या घरी गेली. दार उघडं होतं. मामी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिने 'ये' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. कालिंदी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभी राहिली.

"मामी, माका माफ..."

"थांब." मामीने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.  मग ती म्हणाली, "ह्यांका दर्यान नेल्यान, ता मी समजान घेतलंय. दर्यावर जाणाऱ्याची बाईल ता पयल्या दिसापासून समजान रवता. तुझ्या हातसून चूक झाली, तीय कदीतरी पोटात घालीन. पण तेराव्याक तू हयसर होतंस. माझ्या बाजूक बसललंस. सत्यवती दारात उभी रवान ह्यांका नाय नाय ता बोलत होती, आणि तू माझो हात धरलंस. तेव्हा ह्या सगळा तुझ्या पोटात होता?"

"होता."

"आणि मगे जावन ता लिवन दिलंस?"

"होय, मामी."

मामीने तिच्याकडे पाहिलं. रडली असती, ओरडली असती, तवा फेकून मारला असता, तर कालिंदीने ते आनंदाने सोसलं असतं. यातलं मामीने काही केलं नाही. तिने भाकरी उलटली.

"माफीचा माका काय करूचा? ती घालून माझ्या बाजूचो मोकळो ओटो भरणारो नाय." मामी म्हणाली. "साहेबांचो कागद येवक म्हयनो-दोन म्हयने जातले. उद्या सकाळी लोका बरफ भरूक धक्क्यार येतले, तोच बरफ. तू जा. एकेका तांडेलाक तुझ्या तोंडान सांग. कागद वाटू नको. आणि कोणी इचारल्यान, आत्मारामाक ह्या म्हायत होता काय, तर काय सांगशीत?"

"म्हायत नव्हता. मी सांगूक नाय."

"तसाच सांग. ह्याच शब्दांत." मामी पुन्हा परातीकडे वळली. जेवून जा, असं ती म्हणाली नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कालिंदी धक्क्यावर पोचली. बेचाळीस बोटी लागल्या होत्या. बर्फ फोडायच्या यंत्रांचा खडखडाट चालू होता आणि निळसर चुरा नळकांड्यातून खणांत पडत होता. काल हॉलमध्ये काय झालं ते अर्ध्याअधिक गावाला कळलं होतं. ती जवळून जाताना माणसं हातातलं काम थांबवत होती. एक जण तिच्या पायापाशी थुंकला. ती थांबली नाही.

पहिली बोट भिकाजी मालंडकराची. बंदरातला सगळ्यात खाष्ट तांडेल. मोबाईल घेतला तोही सरकारने सक्ती केली म्हणून, असा त्याचा लौकिक. तो काठावर पाय सोडून विडी ओढत बसला होता. कालिंदीने हात जोडले आणि सांगायला सुरुवात केली. रेणू नाही, दालनं नाहीत. तळबर्फ तरंगत नाही, म्हणून तो बोट धरत नाही. उलट खाली ओढतो. बोट पाणी घेऊ लागली तर बापजाद्यांची रीत विसरायची आणि हा बर्फ सगळ्यात आधी बाहेर टाकायचा.

भिकाजीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे मासळेच्याही आधी?"

"होय. मासळेच्या आधी, जाळ्याच्या आधी."

"बरा." त्याने मान वळवून खणाकडे हाक दिली. "आयकलात मां रे? पाणी इला, तर पयलो बरफ भायर. मगे बाकीचा."

"होय, तांडेलानू!" खणातून उत्तर आलं, आणि फावडी पुन्हा चालू झाली.

कालिंदीला काही कळेना. ती वाट बघत होती. आता हा शिव्या देईल, खण रिकामा करायला लावील, पोरांना सांगेल की हिचा बर्फ समुद्रात फेका. ज्याला घाबरून तिने ते वाक्य काढलं होतं, ते आता तिच्यासमोर घडणार होतं.

"तुमी... तरीय होच बरफ घेतलास?" तिने विचारलं.

"नाय घेवन करतलंय काय? बारा दिसांत जुन्या बरफात मासळी कुसता, ता काय तुझ्यापेक्षा आमका कमी म्हायत?" भिकाजीने विडी विझवली. "एक सांग. ह्या आत्मारामाक म्हायत होता?"

"म्हायत नव्हता. मी सांगूक नाय."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, गाठ कुठे आहे ते जाळ्यात शोधावं तसा.

"इतकाच होता," तो म्हणाला. "मगे सांगूक काय झाला होता गो?"

कालिंदीने उत्तरासाठी तोंड उघडलं. पाच वर्षं, दहा हजारांत एक, लोक शिवणार नाहीत, सगळी कारणं तिला तोंडपाठ होती. त्यातलं एकही तिला त्याच्यासमोर उच्चारता येईना. खणात बर्फ पडत होता. भिकाजी उठून आपल्या कामाला लागला.

ती पुढच्या बोटीकडे निघाली. अजून एकेचाळीस जण तेच विचारणार होते.